जळगावचं हाडांचं हॉस्पिटल: वॉर्ड पास, ड्रेसिंग रूम नापास

सासूबाई अमळनेरकडच्या गावी ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अर्धा सांधा बदलायचं ऑपरेशन इथे झालं. सर्जनचा हात चांगला आहे, त्याबद्दल बाकीच्यांनी रिव्ह्यूत लिहिलंच आहे. टाइल्स, एसी, पार्किंग, खालच्या कॅन्टीनची शेवभाजी, सगळ्याचं कौतुक वाचलं. मी सरकारी दवाखान्यात थिएटर सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे माझी नजर दुसरीकडेच जाते. सांध्यात धातू बसवला की तिथे शिरलेला जंतू सहजासहजी निघत नाही. धातूवर चिकट थर करून त्यात दडून बसतो, अँटिबायोटिक आत नीट पोचत नाही, आणि कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. तेव्हा या हॉस्पिटलात जंतूला कुठून वाट मिळते आणि कुठे नाही, एवढंच मी लिहिते.

वॉर्डात प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या सॅनिटायझरची, बाटली लावलेली आहे. बाटल्या हल्ली सगळीकडे दिसतात. निम्म्यांचा पंप वाळून घट्ट झालेला असतो, दाबलं तर काही येत नाही. इथल्या बाटल्या संपत होत्या आणि भरल्या जात होत्या. रात्री दोनच्या सुमारास सलाईन बदलायला आलेली मुलगी मी पांघरुणाआडून बघत होते. तिला वाटलं मी झोपलेय. तिने आधी हात चोळले, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांना, वीस-तीस सेकंद लागतात तेवढे. मग सलाईनला हात लावला. जाताना पुन्हा चोळले. पेशंटला न शिवता नुसत्या कॉटला किंवा सलाईनच्या स्टँडला हात लागला तरी चोळायचे असतात, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. तिला होतं.

याहून एक गोष्ट मला जास्त आवडली. राउंडला आलेले ज्युनिअर डॉक्टर शेजारच्या पेशंटची जखम दाबून बघून थेट सासूबाईंच्या पट्टीकडे वळले. तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, हँडरब." डॉक्टर थांबले, हात चोळले, पुढचं काम केलं. कोणी रागावलं नाही. आमच्या काळात असं बोललेल्या सिस्टरची दुसऱ्या दिवशी बदली नाही तरी नाइट ड्यूटी नक्की लागायची. डॉक्टरांना हात धुवायला सांगणारा सेमेलवाइस स्वतः डॉक्टर होता. १८४७ साली व्हिएन्नात क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून त्याने बाळंतिणींचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले, तरी वरिष्ठांना ते रुचलं नाही. जिथे विशीतली सिस्टर हे बोलू शकते, तिथे वरून कुणीतरी तिला पाठबळ दिलेलं असतं.

थिएटरच्या इनचार्ज सिस्टर पारोळ्याच्या निघाल्या, मग काय, माहेरच्या ओळखी निघाल्या आणि मी विचारायचं ते विचारून घेतलं. ऑपरेशनच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढत नाहीत, क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, वापरतात. वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना आयतीच जागा होते. चीर देण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक गेल्याची वेळ केसपेपरवर लिहिलेली मी स्वतः वाचली. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं, रजिस्टरही दाखवलं त्यांनी: १२१ अंश, १५ पौंड दाब, किती मिनिटं, कोणाची सही. हत्यारांच्या पॅकवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे पॅकला उष्णता लागली, एवढंच कळतं. आतले चिवट स्पोअर, म्हणजे कवचात दडलेले जंतू, मेले का, हे बघायला जिवंत स्पोअर घातलेली वेगळी टेस्ट लावावी लागते. तीही लावतात, तारखांसकट. लघवीची नळी दुसऱ्याच दिवशी काढली, तेही बरं केलं. नळी जितकी राहील तितका लघवीच्या इन्फेक्शनचा धोका वाढतो.

कचऱ्याच्या चार बादल्या जागेवर आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्ताचे बोळे, लाल्यात प्लास्टिकच्या नळ्या आणि ग्लोव्हज, पांढऱ्या पक्क्या डब्यात सुया, निळ्यात काच. सिस्टरला सगळ्याच ठिकाणी पाठ असतं, म्हणून मी झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुई लाल्यात टाकली तर मलाच टोचंल ना ताई." झालं, मला आणखी काही विचारायचं नव्हतं.

आता खालची ओपीडीची ड्रेसिंग रूम. वरच्या वॉर्डाशी तिचा काही संबंध आहे असं वाटतच नाही. टेबलावर काचेच्या बरणीत सॅव्हलॉनच्या पाण्यात चिटल उभा! नव्या मुलींना चिटल माहीत नसेल, उकळलेल्या वस्तू उचलायचा लांब चिमटा. ही पद्धत कधीच मोडीत निघायला हवी होती. त्या पातळ सॅव्हलॉनमध्ये स्युडोमोनाससारखे जंतू आरामात वाढतात, आणि तोच चिमटा दिवसभर सगळ्यांच्या गॉजला लागतो. चिटल कोरड्या, निर्जंतुक डब्यात ठेवायचा आणि दर ड्यूटीला बदलायचा. गॉजच्या ड्रमचं झाकणही सताड उघडं. ड्रेसर मामांनी ग्लोव्हज घातले, एकाची चिघळलेली जखम धुतली, त्याच ग्लोव्हजने दाराची कडी उघडली, मोबाइल कानाला लावला आणि पुढच्याला बोलावलं. अशाने ग्लोव्हज फक्त घालणाऱ्याला वाचवतात. बिलात ग्लोव्हजचे पैसे जोडीच्या हिशेबाने लावलेत हं!

भेटायला येणाऱ्यांचा भाग अर्धा हॉस्पिटलचा, अर्धा आपला. नियम एका पासवर एकाच माणसाचा. पण गावाकडून जीप भरून माणसं आली की वॉचमन बिचारा काय करणार. "कशी शे आते तब्येत?" करत आप्पा थेट कॉटवर, सासूबाईंच्या पायाशी. बसायला अडचण होते म्हणून कुणीतरी खाली लटकलेली लघवीची पिशवी उचलून गादीवर ठेवली. पिशवी वर गेली की पिशवीतली लघवी परत आत जाते. मी ओरडले तर मीच वाईट. नातेवाइकांच्या संडासातल्या बेसिनला साबण नाही, मे महिन्यात दुपारनंतर नळालाही करंगळीएवढी धार. हँडरब चांगलं, पण हात मळलेले असतील तिथे साबणपाण्याशिवाय भागत नाही. एका साबणाच्या पंपाला काय खर्च येतो?

वॉर्डाला पाचपैकी पाच, थिएटरबद्दल जेवढं बघितलं त्यालाही पाच. ड्रेसिंग रूमला एक, तोही मामा स्वभावाने गोड आहेत म्हणून.

टाके काढायच्या दिवशी मी वॉर्डातल्या सिस्टरला सांगून वरचा सीलबंद ड्रेसिंग सेट मागवला. कुरकूर न करता दिला. तुम्हीही मागा. मॅनेजरसाहेबांना चिटलचं लेखी दिलंय, पोच घेतली आहे.