रात्री अडीचला लावलेला फोन: टेली मानस १४४१६
सासूबाईंना डिमेन्शिया आहे, ३ वर्षं झाली मीच बघतेय. परवा रात्री अडीचला त्या पिशवी भरून दाराची कडी काढायला लागल्या, माहेरी जायचंय म्हणून, आणि मी त्यांच्यावर एवढी ओरडले की नंतर ओट्याला टेकून रडतच बसले. तेव्हा १४४१६ लावला, टेली मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्या ताईंनी उपदेश नाही केला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सलग झोप कधी झालीये तुमची? मला आठवेचना. दुसऱ्या दिवशी नणंदेला स्पष्ट सांगितलं, आता शनिवारची रात्र तिची. हां, हेल्पलाइनकडून घरी येऊन कोणी बसत नाही, त्यासाठी बाई वेगळीच बघावी लागते.