सॉकेटमधला व्होल्टमीटर: जुन्या पिकअपमध्ये काही महिने वापरल्यावर

लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर. घेतला तो एकाच कारणासाठी: पिकअपचं चार्जिंग मधूनच जायचं आणि गॅरेजमध्ये नेलं की सगळं व्यवस्थित! बॅटरी तपासली, ठणठणीत. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) खोलला, आतले घासून झिजणारे कार्बन ब्रश भरपूर शिल्लक. अशा वेळी अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाण्यापेक्षा बिघाड होतो त्या क्षणी आकडा डोळ्यासमोर असावा, एवढीच अपेक्षा होती.

ती या मीटरने पुरी केली. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. सकाळी थंड इंजिनवर १४.४ आणि तापल्यावर १३.८ दिसलं तर घाबरू नका, बहुतेक रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) तापमान वाढलं की व्होल्टेज थोडं उतरवतात. माझ्याकडे मात्र इंजिन चांगलं तापलेलं, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, की आकडा १२.७ वर यायचा. खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा वर! हे समजलं तेव्हाच निम्मं काम झालं. फक्त उष्णतेने पडणारा आकडा असता तर रेग्युलेटरवर संशय घेतला असता, भिजलेल्या रस्त्यावर किंवा लोड टाकताच पडला असता तर अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टवर. धक्क्याने सुधारणारा बिघाड म्हणजे कुठेतरी ढिला किंवा गंजलेला जोड.

पण कुठला, ते हा मीटर सांगू शकत नाही. त्यासाठी मल्टिमीटरच लागतो, आणि तोही ओहमवर, म्हणजे वायरचा रोध मोजायला ठेवून उपयोग नाही. वायरच्या दहा तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी ओहममध्ये ती वायर उत्तम दिसते. करंट वाहायला लागला की खरं रूप कळतं. म्हणून इंजिन चालू, सगळे दिवे चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब अल्टरनेटरच्या जाड बी-प्लस बोल्टवर (इथूनच चार्जिंगची वायर बॅटरीकडे जाते) आणि दुसरा बॅटरीच्या प्लसवर. इथे ०.२-०.३ पेक्षा जास्त फरक नको. माझ्याकडे दीड व्होल्ट आला. बोल्टवर १४.३, बॅटरीवर १२.८! अल्टरनेटर बिचारा पूर्ण वेळ काम करत होता. बी-प्लस वायरच्या टोकाचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) बाहेरून स्वच्छ, पण इन्सुलेशन सोलल्यावर आत हिरवी पूड. नवीन वायर, नीट दाबलेलं थिंबल, काम संपलं. अर्थिंगही याच पद्धतीने तपासून घ्या, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. जुन्या गाड्यांत इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी फारच दुर्लक्षित असते.

मीटरबद्दल एक तक्रार आहे. सॉकेटपर्यंत येणारी वायर बारीक आणि जुनी, त्यामुळे आकडा बॅटरीपेक्षा कमी दिसतो. ब्लोअर लावला की आणखी कमी. म्हणून सुरुवातीलाच बॅटरीवर मल्टिमीटर लावून दोन्हीतला फरक पाहून ठेवावा. मी पुढे तोच मीटर फ्यूज टाकून वेगळ्या वायरने थेट बॅटरीला जोडला, मध्ये इग्निशनवर चालणारा रिले, म्हणजे चावीसोबत आपोआप चालू-बंद होणारा स्विच. सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहत असेल तर मीटर उपसून ठेवा, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तेवढीही गळती नडते.

चार्जिंगचा लाल दिवा असताना याची गरज काय, असं विचारणाऱ्यांना: माझा दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर काही अल्टरनेटर आयडलवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) चार्ज करतच नाहीत, रेस दिल्यावर सुरू होतात. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी दिवा लागतो ना, तेवढं बघा.

अल्टरनेटरमधला डायोड (आतल्या एसीचा डीसी करणारा भाग) गेल्याचं या मीटरवर कळेलच असं नाही. त्यासाठी मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजायचं, इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर अल्टरनेटर काढावा लागेल. मीटरचे लाल आकडे रात्री फार प्रखर आहेत. त्यावर काळ्या फिल्मचा तुकडा चिकटवलाय.