बिडाची कढई, लाह्या आणि घरचे चुरमुरे

कंपनीचं नाव देत नाहीये कारण दहा इंची बिडाच्या कढया सगळ्या उन्नीसबीसच असतात, वजन तीन किलोच्या आसपास आणि किंमत हजाराच्या आतबाहेर. भाज्या, धिरडी वगैरेंवर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त धान्य फुलवायला ही कढई कशी आहे तेवढंच सांगते.

आधी एक, हा उद्योग नॉनस्टिकमध्ये करूच नका. चुरमुरे फुलायला २००-२५० डिग्री लागतात आणि २६० च्या पुढे ते कोटिंग बिघडायला लागतं, शिवाय मिठाने ओरखडे पडतात ते वेगळंच. पातळ पत्र्याची कढई तापते झटकन पण मूठभर तांदूळ पडला की लगेच गार, मग तांदूळ फुलायचा राहतो आणि नुसताच भाजला जातो. बिडाची तापायला वेळ खाते, गॅसकडे बघून जीव जळतो, पण एकदा तापली की घाण्यामागून घाणे काढा, ती काही ढिम्म हलत नाही. पैसे वसूल होतात ते इथेच.

भट्टीवाले वाळू वापरतात, घरी बारीक मीठ बरं, दाताखाली आलं तरी बिघडत नाही. कढईत दोन बोटं जाडीचा मिठाचा थर मोठ्या आचेवर चांगला तापवा, चार दाणे टाकून बघा, टाकल्या टाकल्या फुलले तर तयार.

चुरमुऱ्यांना उकडा तांदूळच हवा, कोलम किंवा इंद्रायणी घातलात तर लाल कडक दाणे मिळतील बस. उकड्यातला स्टार्च आधीच शिजून वाळलेला असतो, म्हणून आतल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली की तो फुगतो. तांदळाला मिठाचं पाणी चोळायचं, मंद आचेवर परतून कोरडा करायचा आणि मग मूठ मूठ गरम मिठात, दहा-बारा सेकंदांत झाऱ्याने उचलून स्टीलच्या चाळणीत (प्लास्टिकची नको, वितळेल). फुलतात का? फुलतात, पण खरं सांगायचं तर विकतच्यापेक्षा लहान आणि जरा टणक. सांगली-जयसिंगपूरच्या भडंगातले ते हलके टपोरे चुरमुरे डोक्यात ठेवून बसलात तर हिरमोड होईल. नुसते तेल-तिखट लावून खायला मस्त, पण भेळेसाठी सरळ दुकानातून पिशवी आणा, उगाच कशाला जीव काढायचा.

लाह्या मात्र एक नंबर!! साळीचे दाणे तुसासकट गरम मिठात टाकायचे, वर जाळीचं झाकण, आणि तडतड सुरू झाली की कढईपासून लांब उभं राहायचं. तूस अखंड हवं कारण आतली वाफ तेच दाबून धरतं, तडा गेलेले दाणे गणंग (न फुललेले) राहतात. मग चाळून, सुपात पाखडून घेतलं की लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवायला पांढऱ्याशुभ्र ताज्या लाह्या. साळ भाताच्या शेतकऱ्याकडूनच घ्या, बियाण्याच्या दुकानातली अजिबात नको, तिला बहुतेक वेळा औषध चोळलेलं असतं.

नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांना मीठही लागत नाही. ज्वारीवर उकळतं पाणी ओतून लगेच निथळायचं, रात्रभर कापडात बांधून ठेवायची, सकाळी सावलीत सुकवून कोरड्या तापल्या कढईत थोडी थोडी टाकून फडक्याच्या बोळ्याने दाबत फिरवायची. कढई खोलगट असल्याने दाणे फार उडत नाहीत. पॉपकॉर्नच्या गरम हवेच्या मशीनमध्ये ज्वारी घातली तर फुटायच्या आधीच बाहेर उडते, त्यामुळे ते मशीन मक्यापुरतंच.

तक्रारी आहेतच. कान भयंकर तापतात, जाड फडकं हाताशी ठेवा, आणि भरलेली कढई एकट्याने उचलून ओतायचा विचारही करू नका. खोक्यावर प्री-सीझन्ड (म्हणजे आधीच तेल मुरवून तापवलेली) लिहिलंय पण मिठाच्या कामानंतर पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर दमट हवेत गंज धरतोच. इंडक्शनवाल्यांनी बूड सपाट आहे का ते बघूनच घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार.

आणि हो, वापरलेलं मीठ फेकू नका, राखाडी होतं पण पुढच्या वेळी परत चालतं, फक्त बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा नाहीतर घरातलं कोणीतरी ते आमटीत घालणार.