आयएसबीएनवर साठा ठेवावा की प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक द्यावा?

ऑनलाइन पुस्तकं विकायला काढणारा माणूस आधी विचारतो, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? तो प्रश्न थोडा थांबू शकतो. त्याआधी ठरवायचं ते हे, की तुमच्या यादीतली एक ओळ म्हणजे एक पुस्तक की एक प्रत. सॉफ्टवेअर पुढे बदलता येतं, यादी एकातून काढून दुसऱ्यात भरता येते. पण ओळीचा अर्थच बदलायचा म्हटलं, तर कपाटांतलं एकेक पुस्तक पुन्हा हातात घ्यावं लागतं.

पहिल्या पद्धतीत आयएसबीएन, म्हणजे प्रकाशकाने पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, हीच ओळख. एका आयएसबीएनची एक नोंद आणि शेजारच्या रकान्यात संख्या. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रतीला तुमचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे एसकेयू. संख्या एक किंवा शून्य, तिसरं काही नाही. मी दोन्ही पद्धतींनी साठा सांभाळला आहे. निव्वळ नवी पुस्तकं विकणार असाल तर सरळ पहिली घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. घोळ सुरू होतो तो जुनी, वापरलेली पुस्तकं यादीत आली की.

आयएसबीएनचं सुख मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बारकोड स्कॅन केला की नाव, लेखक, प्रकाशक, पानं, मुखपृष्ठ, बहुतेक वेळा सगळं आपोआप भरलं जातं. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर त्या पुस्तकाचं पान आधीच तयार असतं, आपण फक्त किंमत आणि संख्या जोडायची. वितरकाकडून परतीच्या बोलीवर माल घेत असाल तर हिशोबही पुस्तकनिहायच लागतो: किती आल्या, किती गेल्या, किती परत द्यायच्या. कुठलं पुस्तक पुन्हा मागवायचं हेही त्याच आकड्यावरून कळतं. प्रतीप्रतीला क्रमांक देत बसलं तर इथे उलट काम वाढतं, कारण एकाच पुस्तकाच्या बारा ओळी आधी गोळा कराव्या लागतात.

पण आयएसबीएन आवृत्ती ओळखतो, हातातली प्रत ओळखत नाही. आणि आवृत्तीही सगळ्यांची नाही. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९७० सालचं. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांवर कसलाच क्रमांक नसतो, मग यादीतला तो रकाना भरायला काहीतरी बनावट आकडा घालावा लागतो, म्हणजे आपला एसकेयूच झाला की मागच्या दाराने! २००६ च्या अखेरपर्यंत हा क्रमांक दहा अंकी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. दहाचे तेरा करताना नुसतं पुढे ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपास-अंक (जो आधीच्या अंकांवरून गणिताने ठरतो) नव्याने काढावा लागतो. सॉफ्टवेअर ते करतं. हाताने यादी ठेवणाऱ्याकडे मात्र एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी हळूच तयार होतात. साध्या पुनर्मुद्रणाला क्रमांक तोच राहतो, त्यामुळे पहिल्या छपाईची प्रत शोधणाऱ्या संग्राहकाला आयएसबीएन काहीच सांगत नाही. जुना क्रमांक वेगळ्याच पुस्तकावर छापणारे प्रकाशकही असतात. नियमात बसत नाही, पण होतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे.

समजा एका पुस्तकाच्या तीन जुन्या प्रती आहेत. एकीच्या पहिल्या पानावर कुणीतरी शाईने ‘सप्रेम भेट’ लिहिलंय, दुसरीचा कणा उन्हाने फिका पडलाय, तिसरी आतून कोरी करकरीत पण बाहेरचं वेष्टण गायब. यादीत संख्या तीन. वर्णन कुठल्या प्रतीचं लिहायचं? सर्वांत खराब प्रतीचं लिहिलं तर चांगली प्रत पडत्या भावात जाते. चांगलीचं लिहिलं तर खराब प्रत मिळालेल्या गिऱ्हाइकाची तक्रार येते. म्हणून एकाच आयएसबीएनखाली तीन वेगळ्या नोंदी करायच्या, तीन किमती, तीन वर्णनं. इथवर ठीक वाटतं. मग ऑर्डर येते. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, आयएसबीएन आणि ‘चांगली’ एवढा एक शब्द. कपाटासमोर उभं राहून तिन्ही प्रती काढायच्या, फोनवर वर्णन उघडायचं, पानं चाळत पेन्सिलच्या खुणा शोधायच्या, ‘किंचित झिजलेले कोपरे’ म्हणजे आपण तेव्हा नक्की कुठले कोपरे म्हणालो होतो ते आठवायचं. पुस्तक सापडायला क्षणभर लागतो, प्रत ठरवायला त्याच्या कितीतरी पट. पार्सलला चिकटपट्टी लावताना पुन्हा मनात शंका येते, ती वेगळीच.

पार्सलं दुसरं कुणी बांधत असेल तर आणखी मजा. त्या माणसाला तिन्ही प्रती सारख्याच दिसतात. फरक यादीत लिहिलेला असला तरी तो वस्तूशी जोडणारा धागा फक्त तुमच्या डोक्यात असतो, त्यामुळे जेवायला बसलात तरी हाक येणारच. आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘फोटोत आहे तीच प्रत मिळेल ना?’ पहिल्या पद्धतीत याचं प्रामाणिक उत्तर ‘बहुतेक’ इतकंच देता येतं.

प्रतीला क्रमांक दिला की हा सगळा प्रकार संपतो. ऑर्डरच्या चिठ्ठीवर एसकेयू येतो, पुस्तकावर तोच क्रमांक असतो, ज्याला आकडे वाचता येतात तो कुणीही प्रत काढून देऊ शकतो. फोटोंच्या फाइलींनाही तोच क्रमांक नाव म्हणून द्यावा. क्रमांक मऊ पेन्सिलीने शेवटच्या कोऱ्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात लिहावा किंवा कागदाच्या पट्टीवर लिहून पट्टी थोडी बाहेर डोकावेल अशी आत ठेवावी. जुन्या वेष्टणावर चिकट लेबल लावू नये. ते निघतं तेव्हा एकटं निघत नाही.

आता याची किंमत. आधीचं काम बरंच वाढतं. प्रत्येक प्रत उघडून बघायची, दोष लिहायचे, फोटो काढायचे. कंटाळवाणं आहे, आणि स्वस्तातल्या पुस्तकांना परवडतच नाही. ज्या पुस्तकाचा नफा पार्सलच्या खर्चाच्या आसपास घुटमळतो त्याचं चार ओळींचं वर्णन लिहिण्यात वेळ घालवू नये. तशी पुस्तकं मी सरसकट ‘वाचनीय प्रत’ म्हणून आयएसबीएनवरच ठेवतो आणि सगळ्यांना सर्वांत खराब प्रतीची किंमत लावतो.

दुसरी अडचण अनेक ठिकाणी विकणाऱ्यांची. संख्या सात असलेलं पुस्तक दोन संकेतस्थळांवर एकाच वेळी विकलं गेलं तर काही बिघडत नाही. संख्या एक असलेली प्रत दोघांनी घेतली तर एकाला नकार द्यावा लागतो. साठा जुळवणारी सॉफ्टवेअरं ठरावीक अंतराने बदल पोचवतात, आणि नेमक्या त्या अंतरात हे घडतं. या बाबतीत आयएसबीएनची पद्धत निश्चितच सुरक्षित. माझ्यापुरता उपाय इतकाच, की दुर्मीळ प्रत एकाच ठिकाणी ठेवायची.

एक्सेलवर सुरुवात करणार असाल (बहुतेकजण तिथूनच करतात आणि त्यात वाईट काही नाही) तर थोडं विषयांतर. तेरा अंकी आयएसबीएन साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो ९.७८ई+१२ असा दाखवतं. तशीच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) साठवली तर पुढचे अंक कायमचे गेले. दहा अंकी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गळून पडतं. काही दहा अंकी क्रमांकांचा तपास-अंक एक्स असतो, ते मजकूर ठरतात आणि बाकीचे संख्या, त्यामुळे शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवणं हा उपाय, पण बाहेरून आलेली फाइल दर वेळी जपून उघडावी लागते. एसकेयू आपल्या हातातला असल्यामुळे तो अक्षराने सुरू करता येतो आणि हा त्रास टळतो. अक्षरं मात्र विचार करून निवडा. मराठीसाठी इंग्रजी एम-ए-आर लावून पुढे १२ लिहिलंत तर एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करून टाकतं. जनुकशास्त्रज्ञांनाही हाच ताप झाला होता. अखेर २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलली गेली. आपण उपसर्ग बदलला तरी पुरे.

कपाटात पुस्तकं लावायची पद्धतही या निवडीबरोबर येते, हे फारसं कुणी सांगत नाही. आयएसबीएन घेतलात तर विषयवार किंवा लेखकवार लावावं लागतं, आणि नवी पेटी आली की मधेच जागा करण्यासाठी अख्ख्या फळ्या सरकवाव्या लागतात. प्रतींना चढते क्रमांक दिलेत तर पुस्तकं नुसती क्रमांकाने लावायची: पाककृतींशेजारी कविता, त्यापलीकडे बीजगणित. नवं पुस्तक नेहमी शेवटी. दिसायला विचित्र, शोधायला सोपं. फक्त अवजड आकाराच्या पुस्तकांसाठी वेगळा उपसर्ग आणि वेगळी फळी ठेवावी. साठा तपासतानाही यादी हातात घेऊन फळीवरून चालत गेलं की कुठला क्रमांक नाही ते लगेच कळतं. पहिल्या पद्धतीत ‘दोन प्रती कमी भरल्या’ एवढंच कळतं.

पण दुकानात गिऱ्हाईक प्रत्यक्ष येत असेल तर क्रमांकाने लावलेली कपाटं त्याच्या काहीच उपयोगाची नाहीत. शिवाय काउंटरवर विकलेली प्रत ऑनलाइन यादीतून उतरवायची राहून जाण्याचा धोका असतो. नव्या पुस्तकाचा बारकोड बिलाच्या वेळी स्कॅन झाला की संख्या आपोआप कमी होते. जुन्या प्रतीची पट्टी कुणीतरी आठवणीने काढून डब्यात टाकावी लागते. म्हणून दुकान आणि ऑनलाइन असा दुहेरी व्यवहार असलेल्यांनी पुढच्या भागात विषयवार, आयएसबीएनवर आणि आत फक्त ऑनलाइनसाठी क्रमांकवार अशी फाळणी केलेली बरी. दोन्हींचं मिश्रण एकाच कपाटात मात्र नको.

जुन्या पुस्तकांचा वाटा थोडाच असेल तर माझं ऐकू नका, आयएसबीएन पुरेल. निम्म्याच्या जवळपास असेल तर मी प्रतनिहाय क्रमांकाकडे झुकेन, आणि तेही लवकर. सगळा साठा एकदम नोंदवायचा घाट घालू नये. जी प्रत विकायला टाकाल तिला त्याच वेळी क्रमांक द्या, बाकीच्या वाट बघतील. आणि विकल्या गेलेल्या प्रतीचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देऊ नका, आकडे काही संपत नाहीत. परत आलेलं पार्सल उघडाल तेव्हा त्या प्रतीला तिचा जुना क्रमांक मोकळा मिळायला हवा.