वस्तीचं माध्यम: रेडिओ केंद्र, व्हिडिओ की नुसता आवाज?

उत्तर नागपुरात महिला मंडळ किंवा पोरापोरींचा गट चालवणारे हल्ली एकच विचारतात: बातमी पारखायला शिकवायचं तर रेडिओ केंद्र काढावं, यूट्यूब चॅनल काढावं, की फोनवर आवाज रेकॉर्ड करून विहारात स्पीकरवर ऐकवावा?

रेडिओचा मान मोठा. सामुदायिक रेडिओच्या 2006 च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो. 100 वॅटचं प्रक्षेपण, टप्पा 10-15 किलोमीटर, म्हणजे आमच्या टेका नाक्यावरून शहराच्या मध्यातली बर्डी सहज गाठता येते. पण संस्थेच्या नोंदणीला तीन वर्षं झालेली हवीत, शिवाय स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावायच्या. नळाची वेळ, परीक्षा, हवामान चालतं. बातमी कशी शिजते तेच दाखवायचं असेल, तर इथे पंचाईत होते.

व्हिडिओला मी नाही म्हणणार नाही. तुंबलेली गडरलाईन (गटार) मनपाला दाखवायची तर त्याला तोड नाही. माझं घोडं अडलं ते कॅमेऱ्यापाशी. रेशन दुकानाबद्दल तावातावाने बोलणारी मावशी फोन समोर आला की पदर सारखा करते आणि 'आमच्या परिसरातील समस्या' असं टीव्हीतलं बोलू लागते. दुसरी सरळ म्हणते, "मले नको घेऊ त्याच्यात बाप्पा." मुलींचं आणखी कठीण. चेहरा दिसला की संध्याकाळी भाऊ विचारायला हजर, व्हिडिओ कुठं कुठं टाकला? शेवटी उरतात तीच दोन-चार पोरं, माईक धरून अँकरसारखी ओरडणारी. ज्यांना बोलतं करायचं त्या घरात, आणि ज्याची चिकित्सा करायची त्याचीच नक्कल चौकात!

आवाजाचं तसं होत नाही, निदान आमच्याकडे झालं नाही. फोन चटईवर पडलेला असतो, थोड्या वेळाने तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. कापाकापीही त्यांच्याच हाती द्यावी. "रेशन मिळते, पण महिना उलटल्यावर" यातलं 'पण'पासूनचं उडवून एका मुलीने ऐकवलं, तशा मावशी उसळल्या, "मी असं म्हटलंच नाही!" आता व्हॉट्सअ‍ॅपवर कोणा नेत्याची क्लिप आली की त्या आधी विचारतात, "समोरचं (म्हणजे पुढचं) कुठं आहे?" एवढं व्याख्यानाने शिकवता आलं असतं असं मला वाटत नाही.

उणिवा आहेत. आवाज वस्तीबाहेर फारसा जात नाही. मे महिन्यात कूलरची घरघर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येते, आणि कूलर बंद करा म्हणण्याची नागपुरात सोय नाही.

तुमच्या गटात चेहरा दाखवायला तयार असलेली पोरंच जास्त असतील, तर व्हिडिओ चालेलही. बायका आणि मुली असतील, तर मी आधी स्पीकर घेईन. रेडिओचा रस्ता त्याने बंद होत नाही: तेलंगणातल्या माचनूर गावातल्या दलित बायकांचा संघम रेडिओ 2008 मध्ये हवेत आला, त्याआधी कित्येक वर्षं त्या आपली रेकॉर्डिंग कॅसेटवरून बैठकांमध्ये ऐकवत होत्या.