काट्याचा की आकड्यांचा? नवशिक्या स्कायडायव्हरसाठी अल्टिमीटरची निवड

एएफएफचे, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे, टप्पे पूर्ण करून ‘ए’ लायसन्सच्या (पहिल्या परवान्याच्या) २५ उड्यांकडे निघालेला माणूस स्वतःच्या पैशांनी पहिल्यांदा रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच) घेत नाही आणि घेऊही नये, कारण त्याच्या कॅनपीचा, म्हणजे पॅराशूटच्या छत्राचा, आकार अजून बदलायचा असतो. तो आधी हेल्मेट घेतो आणि अल्टिमीटर, म्हणजे मनगटावरचे उंची दाखवणारे यंत्र, घेतो. हेल्मेटच्या बाबतीत डोक्याचे माप बरेचसे काम करून टाकते. अल्टिमीटरच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न उभा राहतो, आणि नोकरीनिमित्त कॅलिफोर्निया-ॲरिझोनात राहणारी, कॅलिफोर्नियातील पेरिस (Perris) किंवा ॲरिझोनातील इलॉयला शनिवार-रविवार उड्या मारायला येणारी आपली मराठी मुले-मुली तो मला नेहमी विचारतात: काट्याचा घ्यावा की डिजिटल? मी स्वतः डिजिटल भाड्याने वापरून नंतर काट्याचा विकत घेतला. पुढे डिजिटलही घेतला, आणि कोच म्हणून दोन्ही प्रकार नवशिक्यांच्या मनगटावर पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून जे वाटते ते येथे मांडतो. अनुभवी माणसाने याहून वेगळी निवड केली तर तिच्यामागेही कारणे असतात, हे मला मान्य आहे.

गॅलेक्सीसारखा काट्याचा अल्टिमीटर एका बाजूला आणि व्हिसो किंवा ॲटलाससारखा डिजिटल दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना आहे. बॅटरी किती टिकते आणि किती उड्यांची नोंद साठते हे माहितीपत्रकात वाचता येते, म्हणून त्यात शिरत नाही. नवशिक्याला उंचीचे भान कशाने लवकर येते, एवढेच मला पाहायचे आहे.

यात वेळेचा हिशेब किती तंग असतो तो एकदा डोळ्यांसमोर आणावा. पोटावर स्थिर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १२० मैल असतो, म्हणजे सेकंदाला साधारण १७५ फूट. १,००० फूट पाच-सहा सेकंदांत संपतात. अमेरिकेतील यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या नियम आणि शिफारशींप्रमाणे विद्यार्थी आणि ‘ए’ लायसन्सधारक यांनी पॅराशूट ३,००० फुटांच्या खाली उघडायचे नाही, आणि उघडलेल्या पॅराशूटमध्ये बिघाड असेल तर रिझर्व्हचा (राखीव पॅराशूटचा) निर्णय २,५०० फुटांपर्यंत घेऊन तो अमलात आणायचा. सायप्रेससारखे स्वयंचलित यंत्र ७५० फुटांच्या आसपास रिझर्व्ह उघडते. म्हणजे जो माणूस काहीच न करता पडत राहिला, त्याच्याजवळ निर्णयाच्या उंचीपासून यंत्र जागे होईपर्यंत जेमतेम दहा सेकंद असतात. यंत्र विद्यार्थ्याच्या रिगमध्ये असलेच पाहिजे आणि असते, पण त्याच्या भरवशावर उडी आखायची नसते. मनगटावरची ती एक वस्तू उडीच्या पहिल्या क्षणापासून कामाची असते, ती यामुळे.

आता डिजिटलच्या बाजूने जे बोलायला हवे ते मनापासून बोलतो. जमिनीवर तो स्वतःच शून्य धरतो. सकाळपासून दुपारपर्यंत हवेचा दाब दोन-तीन हेक्टोपास्कलने खाली आला, तरी त्याने होणारा पन्नास-शंभर फुटांचा फरक तो आपोआप भरून काढतो. पॅराशूट उघडल्यानंतर त्याचे मोल आणखी वाढते. उतरण्याच्या आखणीत १,००० फुटांवर कुठे, ६०० फुटांवर कुठे आणि ३०० फुटांवर कुठे वळायचे हे ठरलेले असते, आणि डिजिटल हे आकडे स्वच्छ दाखवतो. काट्याच्या तबकडीवर ३०० फूट म्हणजे शून्यापासून जेमतेम बोटाच्या नखाएवढे अंतर, जे हेलकावणाऱ्या हार्नेसमधून नीट दिसतही नाही. कोचच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा नोंदींचा. विद्यार्थी जमिनीवर येऊन सांगतो की पॅराशूट साडेचार हजारांवर उघडले, आणि यंत्रातली नोंद सांगते की ते त्याच्या कितीतरी खाली उघडले. विद्यार्थी खोटे बोलत नसतो, त्याची वेळेची जाणीव पहिल्या उड्यांमध्ये आखडलेली किंवा ताणलेली असते. नोंद समोर असली की उडीनंतरची चर्चा आठवणीवर अवलंबून राहत नाही. हा लाभ काट्याच्या अल्टिमीटरकडून कधीच मिळणार नाही.

एवढे सगळे असूनही माझा कौल दुसरीकडे गेला, आणि त्याला एकच त्रास कारणीभूत ठरला. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडत असताना, डिजिटलचा शेवटचा आकडा कधीच स्थिर राहत नाही. उंची हजारांत आणि दशांशात दाखवणाऱ्या पडद्यावर त्या वेगाने सेकंदाला जवळजवळ दोन आकडे पालटतात. शिकवताना आपल्याला सांगितलेले असते की ५,५०० फुटांवर हात हलवायचे आणि पॅराशूट उघडायचे. मन त्यामुळे ५.५ हा आकडा शोधू लागते. मनगट डोळ्यांसमोर आणावे तर ५.८ दिसते. अजून वेळ आहे असे वाटते. पुन्हा पाहावे तर ५.१. ज्याची वाट पाहत होतो तो आकडा मध्येच कुठेतरी येऊन गेलेला असतो. ५.१ हा ५.५ पेक्षा लहान आहे हे कोणाला कळत नाही असे नाही. पण आकडा आधी वाचावा लागतो, मग ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो, आणि कानांत वारा घोंघावत असताना ही दोन पावलेसुद्धा मेंदूला जड जातात. भाड्याच्या डिजिटलवर उड्या मारताना मला याचाच कंटाळा आला होता. उंची पाहण्यात जो वेळ जात होता, तो क्षितिजाकडे, शरीराच्या स्थितीकडे आणि समोरच्या माणसाकडे पाहण्यातून कापला जात होता.

पुढे कोच म्हणून हाच प्रकार समोरून पाहायला मिळाला. मूळची नाशिकची, बे एरियात नोकरी करणारी एक मुलगी माझ्याबरोबर जंपला होती. साडेपाच हजारांवर पाठ फिरवून एकमेकांपासून दूर जायचे ठरले होते. ठरलेल्या उंचीजवळ तिने डावे मनगट गॉगलसमोर आणले आणि तिची नजर तिथेच अडकली. हात आत आल्याने तिचे शरीर हळूहळू एका बाजूला वळू लागले, तरी नजर हटेना. शेवटी मीच ब्रेकऑफची, म्हणजे दूर जाण्याची, खूण केली आणि ती वळली. उडी सुरक्षित झाली, पॅराशूटही योग्य उंचीवर उघडले. जमिनीवर मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “दादा, मी ५.५ येण्याची वाट बघत होते. ५.७ दिसलं, आता येईल म्हणून थांबले, तर एकदम ५.२ झालं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं.” तिचे काहीही चुकले नव्हते. आकडा तिच्याकडून बरोबरी मागत होता आणि उंची तर नुसती ओलांडून जायची होती.

काटा हे ओलांडणे दाखवतो. १२,००० फुटांत एक फेरी पूर्ण करणारी तबकडी भिंतीवरच्या घड्याळासारखी असते: वर बारा, तळाशी सहा, उजव्या हाताला तीन. ६,००० फुटांना काटा सरळ खाली लोंबतो आणि साडेपाच हजारांना तो त्या उभ्या रेषेच्या किंचित पुढे सरकलेला असतो. ३,००० फुटांना तो आडवा होतो. २,५०० फुटांच्या खाली लाल पट्टा आणि त्याच्या वर पिवळा. यातले काहीही वाचावे लागत नाही. काटा खालच्या टोकाला पोहोचला की नाही, एवढेच नजरेच्या कडेने दिसते, आणि नजर पुन्हा क्षितिजावर जाते. शिवाय काटा सरकताना दिसत असल्याने पुढचे हजार फूट किती वेगाने येत आहेत हेही कळते. वेळ उलटी जाताना पाहण्याची सवय व्हायला एक-दोन उड्या लागतात, त्यापेक्षा जास्त नाही. मी विद्यार्थ्यांना विमानात बसण्याआधी मोबाइलवर काट्याच्या तबकडीची आणि आकड्यांच्या पडद्याची छायाचित्रे पापणी लवेपर्यंत दाखवतो आणि फक्त ‘थांबायचे’ की ‘उघडायचे’ एवढेच विचारतो. काट्याच्या चित्रांना उत्तर तत्काळ येते. आकड्यांच्या चित्रांना उत्तर येण्याआधी एक छोटासा थांबा येतो. हे काही मोजमाप नाही, पण तो थांबा मला दर वेळी जाणवतो.

काट्याचेही दोष आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. शून्य हाताने लावावे लागते, आणि विमानात चढण्यापूर्वी दर वेळी लावावे लागते. ही सवय ज्याच्या अंगी बाणत नाही त्याने काट्याच्या नादी लागू नये. आतली हवाबंद धातूची डबी आणि दातेरी चाके धक्क्याने बिघडू शकतात, आणि कठीण जमिनीवर आपटलेला अल्टिमीटर तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे असते. काटा कधी कधी अडखळतो. अशा वेळी तो एका जागी थांबून मग उडी मारून पुढे जातो. म्हणून चढताना ३,००० आणि ६,००० फुटांवर शेजारच्याच्या अल्टिमीटरशी आपला पडताळून घ्यावा. तिसरी अडचण नवशिक्याला चकवणारी आहे. १३,००० फुटांवर विमानाचे दार उघडते तेव्हा १२ हजारांच्या तबकडीवर काटा दुसऱ्या फेरीत जाऊन एकवर उभा असतो, म्हणजे नेमका लाल पट्ट्यात. पहिल्यांदा हे पाहून विद्यार्थी दचकतात. हे जमिनीवरच समजावून सांगितले की पुढे त्रास होत नाही, कारण आपण आत्ताच विमानातून बाहेर पडलो आहोत हे कोणी विसरत नाही.

डिजिटलच्या दोषांपैकी दोन लहान गोष्टी सांगायच्या राहिल्या. पोलराइज्ड काचेचा गॉगल असेल तर मनगटाच्या काही कोनांत एलसीडी पडदा काळा पडतो. तसेच त्याच्या मेन्यूत फूट आणि मीटर बदलता येतात. स्पेनमधील एम्पुरियाब्रावासारख्या ठिकाणी, जिथे सारे मीटरमध्ये बोलतात, तिथे जाणाऱ्या अनुभवी माणसाला हे सोयीचे आहे. पण ज्याने आपल्या उंच्या फुटांत पाठ केल्या आहेत, त्या नवशिक्याने त्या मेन्यूला हात लावू नये. काट्याच्या तबकडीवर हा मोह मुळातच नसतो.

अल्टिमीटर कोणताही असो, पाठीवर पडत असताना दोन्ही थोडे फसवतात, कारण शरीराच्या वरच्या बाजूला हवेची जी पोकळी तयार होते तिच्यात दाब कमी असतो आणि त्यात सापडलेला अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. हात बाहेर स्वच्छ हवेत नेऊन पाहिले की वाचन बरेच सुधारते. या बाबतीत कोणाचेही पारडे जड नाही.

कानाशी बसणारा, ठरलेल्या उंचीला शिटी देणारा ऑडिबल पहिल्याच खरेदीत सोबत घ्यावा का, असेही विचारले जाते. तो उत्तम साधन आहे आणि मी स्वतः वापरतो. पण ज्याला नजरेने उंची पाहण्याची सवय लागलेली नाही, तो शिटीची वाट पाहत पडत राहतो आणि ५.५ ची वाट पाहण्याचा तोच प्रकार डोळ्यांऐवजी कानांनी होतो. वाऱ्याच्या आवाजात शिटी ऐकू आली नाही तर मग काय? ‘ए’ लायसन्स हातात येईपर्यंत ऑडिबल थांबू शकतो.

तेव्हा माझे म्हणणे असे की लायसन्सपर्यंत आणि त्यानंतरचेही काही महिने मनगटावर काटा असावा. ज्याला फ्रीफॉलमध्ये उंचीचे भान आले आहे आणि आता कॅनपीवरचे कसब वाढवायचे आहे, त्याने डिजिटल घ्यावा, कारण ३०० फुटांचा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा होतो. मी आज दोन्ही वापरतो. कॅनपीच्या सरावाला डिजिटल, आणि नवीन विद्यार्थ्याबरोबर उडी असेल तर काटा, कारण तेव्हा माझी नजर मनगटावर रेंगाळता कामा नये. ज्याला आकडे झटकन वाचण्याची लहानपणापासून सवय आहे, अशा एखाद्याला डिजिटलच अधिक मानवेल हे नाकारत नाही. त्याने निदान दोन्ही प्रकार भाड्याने घेऊन पाहावेत आणि मगच पैसे घालवावेत.

काट्याचा जुना अल्टिमीटर घेणार असाल तर तो हातात घेऊन शून्याचे चाक फिरवून पाहावे. काटा न अडखळता सरकला पाहिजे आणि हळूच बोटाने टिचकी मारल्यावर जागचा हलता कामा नये. काचेला तडा किंवा कडेला ठोक्याची खूण असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. शक्य असल्यास डीझेडवरच्या (उड्या मारण्याच्या ठिकाणच्या) रिगरकडे, म्हणजे पॅराशूटच्या तंत्रज्ञाकडे, निर्वात कक्ष आहे का हे विचारून त्यात तो वर-खाली नेऊन पाहावा. पट्टा हातमोज्यावरून घट्ट बसतो का, हेही त्याच वेळी तपासावे, कारण पट्टा ढिला असला की तबकडी मनगटाच्या खाली फिरते आणि नेमकी पाहायच्या वेळी दिसत नाही.