आयबी शाळेतली चार वर्षं: एका आईचा अनुभव

माझी मुलगी दुसरीपासून पुण्यातल्या एका आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत आहे. यंदा पाचवी झाली. प्रवेश घेताना मलाही धाकधूक होती. ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, घटक चाचणी नाही, मग मूल शिकणार कसं?

उत्तर यंदाच्या एक्झिबिशनमध्ये मिळालं. पीवायपीच्या, म्हणजे आयबीच्या प्राथमिक टप्प्याच्या, शेवटच्या वर्षी मुलं गटाने एखादा विषय घेऊन कित्येक आठवडे त्याच्या मागे लागतात. हिच्या गटाने सोसायटीत येणारे पाण्याचे टँकर घेतले. सकाळी बस यायच्या आधी ही वही घेऊन गेटवर. "काका, हे पाणी कुठल्या विहिरीचं? दिवसाला किती खेपा होतात?" 10,000 लिटरचा टँकर आमच्या इमारतीला किती वेळ पुरतो, याचं गणित तिने वॉचमनच्या नोंदवहीवरून स्वतः मांडलं. मी इथे नऊ वर्षं राहतेय, पण पाणी येतं कुठून हे कधी विचारलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी शाळेला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण ती वही चाळताना पोटात कालवलं. काकांचं बोलणं तिने इंग्रजी अक्षरांत उतरवलं होतं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला पाचवीत मराठी भराभर लिहिता येत नाही! 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आमच्या वेळापत्रकातही आठवड्याला दोन तास आहेत, पण गॅदरिंगच्या तालमी आल्या की पहिला बळी त्यांचाच. मी दोनदा भेटून बोलले. ऐकून घेतलं, तास तेवढेच राहिले.

बस वेळेवर, जेवण चांगलं. फी दरवर्षी वाढते, ते धरूनच चाला. आणि रोज अर्धा तास मराठी वाचन-लेखन घरी घ्या, शाळेवर सोडू नका.

मराठीच्या बाईंचे मात्र आभार मानते. त्यांनी ते पान पाहिलं आणि मधल्या सुट्टीत शेजारी बसवून तिच्याकडून सगळं देवनागरीत लिहून घेतलं. ते तक्त्यावर लागलं. टँकरवाले काका प्रदर्शनाला आले, आपल्या वाक्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "उन्हाळ्यात विहीर दुपारीच आटते." मग थांबून म्हणाले, "बाळा, मी 'आटती' म्हणलो होतो."

तिने पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्त केलं.